नदीच्या वाळूचा जमाखर्च

धरणाच्या जमाखर्चात पाणी, वीज आणि भिजणारे क्षेत्र या तीन गोष्टींना रकाना असतो, वाळूला नसतो. गाळाची नोंद होते ती केवळ नुकसानीच्या बाजूला, म्हणजे जलाशयाची साठवणक्षमता त्याने किती घटली एवढ्यापुरती. तोच गाळ धरणाखालच्या नदीला मिळेनासा झाल्याने तेथे काय घटले, हे विचारण्याची पद्धत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर देताना तेथील सरकारला तयार होऊ शकणाऱ्या विजेवर पाणी सोडावे लागले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण मुद्दाम अभ्यासावे.

ग्लेन कॅन्यन हे ७१० फूट उंचीचे धरण १९६३ साली उभे राहिले. तत्पूर्वीची कोलोरॅडो नावाप्रमाणेच तांबूस व गढूळ होती. तिचे पाणी हिवाळ्यात गोठणबिंदूच्या जवळ जाई आणि उन्हाळ्यात २७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापे. धरण झाल्यावर पाणी जलाशयाच्या खोल थरातून येऊ लागले आणि धरणालगतच्या पात्रात ते बारमाही ८ ते १० अंशांवर स्थिरावले. वाळू वरच अडली. धरणाच्या लगतच्या भागाला पूर्वीच्या एक दशांशाहूनही कमी वाळू मिळू लागली, आणि तीही मुख्यतः पॅरिया या लहानशा उपनदीकडून.

थंड पाणी आणि वाळूचा तुटवडा ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत असे प्रथम वाटते. वस्तुतः ती एकमेकांत गुंतलेली आहेत. काठाशी वाळूचे उंच दांडे असले की त्यांच्या आडोशाला पाणी संथ होते, उन्हाने तापते आणि माशांची पिले तेथे वाढतात. दांडे वाहून गेले की हे आश्रयस्थान नाहीसे होते. गढूळपणा गेल्यावर पाणी आरशासारखे स्वच्छ होते आणि नजरेने भक्ष्य टिपणाऱ्या, बाहेरून आणून सोडलेल्या ट्राउट माशांचे फावते. ग्रँड कॅन्यनमधील आठ मूळ जातींपैकी तीन तेथून नाहीशा झाल्या. पाठीवर कुबड असलेला ‘हम्पबॅक चब’ टिकला तो प्रामुख्याने लिटल कोलोरॅडो या उबदार उपनदीच्या आश्रयाने. स्वच्छ पाणी म्हणजे निरोगी नदी, हे आपले शहरी समीकरण येथे लागू पडत नाही.

अमेरिकन संसदेने १९९२ साली ग्रँड कॅन्यनच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानंतर मार्च १९९६ मध्ये अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी स्वतः धरणाची झडप उघडून कृत्रिम पूर सोडला. सात दिवस ४५,००० क्युसेक पाणी वाहिले. तळाची वाळू उचलली जाऊन काठांवर दांडे तयार झाले. मात्र तळाशी वाळूचा साठाच अपुरा असेल तर पूर जुने दांडे झिजवून नवे बांधतो, हेही कळून आले. म्हणून २०१२ पासून असे धोरण ठरले की पॅरियाने पुरेशी वाळू आणून टाकली की मगच पूर सोडायचा. भांडवल जमल्याविना खर्च करायचा नाही, असाच हा नियम!

आता खर्चाकडे वळू. पुराचे पाणी फुकट जात नाही. ते खालच्या मीड जलाशयात साठते आणि वर्षाच्या एकूण विसर्गात फरक पडत नाही. हानी होते ती विजेची, कारण ४५,००० पैकी सुमारे १५,००० क्युसेक पाणी टर्बाइन टाळून बाहेर काढावे लागते. ही वीज लहान नगरपालिका, ग्रामीण सहकारी संस्था व आदिवासी जमाती घेतात. ती कमी पडली की त्यांना बाजारातून महाग वीज घ्यावी लागते. २०२१ च्या शरद ऋतूत वाळू भरपूर आली होती, तरीही जलाशय खालावल्याने पूर सोडला गेला नाही. पुढचा पूर एप्रिल २०२३ मध्ये आला.

जलाशय खालावल्याचा आणखी एक विपरीत परिणाम झाला. वरचे तापलेले पाणी टर्बाइनच्या तोंडाशी आले आणि नदी अनेक दशके जी ऊब मागत होती ती तिला मिळाली. परंतु तिच्याबरोबर ‘स्मॉलमाउथ बास’ हा परका शिकारी मासाही आला. २०२२ मध्ये त्याची पिले धरणाखालच्या एका संथ खळग्यात सापडली. २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा टर्बाइन टाळून खोलचे थंड पाणी मिसळावे लागले, ते नदी १५.५ अंशांखाली ठेवण्यासाठी. उबेच्या नावाने चाललेली लढाई थंडीच्या बाजूने लढावी लागली. तापमान सुधारण्याचा एकच आकडा ठरवून मोकळे होता येत नाही, असे यावरून म्हणावे लागते.

आपल्याकडे २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा रोख साठवण व शेती यांवर आहे, आणि दोन्ही हेतू रास्त आहेत. धरणाखालची वाळू मात्र ब्रासच्या भावाने लिलावात जाते. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत वाळूच्या पुनर्भरणाचा अभ्यास सांगितला आहे. परंतु ज्या पात्राच्या माथ्यावर धरण आहे तेथे पुनर्भरण येणार ते ओढ्या-उपनद्यांतूनच. त्यांतून दर पावसाळ्यात किती वाळू उतरते याची मोजणी महसूल खात्यावर न सोपविता जलसंपदा खात्याने करावी, आणि ते आकडे लिलावाच्या जाहिरातीतच छापले जावेत.