डॉक्टर बोलले, मोबाइलने लिहिले

गेल्या महिन्यात शेजारच्या खालांना घेऊन आम्ही एका दवाखान्यात गेलो. खाला घरात उर्दू बोलतात, बाजारात अहिराणी आणि डॉक्टरांसमोर दोन्हींची खिचडी. "कल से चक्कर आ रहे, पोटमा बी दुखस," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतले, मग पेन न उचलता मोबाइल तोंडाजवळ धरून मराठीत बोलू लागले. पडद्यावर अक्षरे उमटत गेली आणि थोड्या वेळात छापील कागद हातात आला. अक्षर इतके स्वच्छ की औषधाच्या दुकानात कुणाला चष्मा पुसावा लागला नाही.

घरी येऊन वाचले तर वय १७! खाला सत्तरीच्या. सुना हसून लोळल्या. आम्हाला मात्र हसू येईना. 'सत्तर' आणि 'सतरा' यांतला हा घोळ उद्या औषधाच्या मात्रेत झाला तर? दुसऱ्या दिवशी कागद घेऊन परत गेलो. डॉक्टरांनी न चिडता हाताने दुरुस्ती केली. गर्दीत पुन्हा वाचायचे राहून गेले, असे ते प्रांजळपणे म्हणाले.

हे तंत्र वाईट नाही. एक्स-रे, सोनोग्राफीचे अहवाल सांगणारे डॉक्टर मोठ्या शहरांत ते बरीच वर्षे वापरतात. आता त्यापुढची सोय आली आहे : डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे मशीन ऐकते आणि त्यातून केसपेपरचा मसुदा तयार करते. ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टरांची नजर कागदाऐवजी रुग्णाकडे राहिली, तर कुणाला नको आहे?

पण मशीन कान देऊन 'समजून' घेत नाही. कोणत्या आवाजानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा ते अंदाज बांधते. 'व्हिस्पर' नावाच्या प्रसिद्ध प्रणालीवर अमेरिकेतील संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. सुमारे १ टक्का ध्वनिफितींच्या लेखी उताऱ्यात, कुणी बोललेच नव्हते अशी वाक्ये आढळली. मेंदूच्या आजाराने अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त घडले. म्हणजे ज्यांना नीट बोलता येत नाही, त्यांच्याच तोंडी भलते शब्द!

आणि आपला नंदुरबार जिल्हा. नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, शहाद्यात गुजरी, सगळीकडे अहिराणी, आपल्या मोहल्ल्यात उर्दू. केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना २०२२ पासून भारतीय भाषांसाठी असे काम करते, मराठी आणि उर्दू दोन्ही तिच्यात आहेत. आदिवासी भाषांसाठी २०२५ मध्ये 'आदि वाणी' ॲप आले. त्यात भिली आहे, पण सुरुवात मध्य प्रदेशच्या भिलीपासून झाली आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या आजीबाईचे बोलणे आधी नर्स किंवा आशाताई मराठीत सांगते, मग डॉक्टर मशीनला सांगतात. एक दुखणे दोन पायऱ्या उतरून कागदावर पोहोचते. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या या भागात 'सांधे दुखतात' यातला एखादा शब्द गळणे परवडणारे नाही.

उर्दूची आणखी एक गंमत. आपला 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. मराठीतला 'परवा' तरी कुठे साधा आहे! माणूस संदर्भाने ओळखतो, मशीन कधी ओळखते, कधी नाही. सर्वांत धोक्याचा शब्द मात्र 'नाही'. 'पेनिसिलिन चालत नाही' यातले शेवटचे दोन अक्षरांएवढे जेमतेम ऐकू येणारे 'नाही' पंख्याच्या घरघरीत हरवले, तर अर्थ थेट उलटा होतो.

म्हणून आम्ही आता दवाखान्यातून उठण्याआधीच कागद वाचतो : नाव, वय, कोणते औषध चालत नाही, गोळी किती वेळा. डॉक्टरांना संकोच न करता विचारतो, "साहेब, एकदा वाचून दाखवता का?" आमच्या अनुभवात अजून कुणी नाराज झालेले नाही. जुन्या चिठ्ठ्यांची पिशवीही सोबत नेतो, कारण औषधांची नावे तोंडी सांगताना आपल्याच घरात निम्मी चुकतात.

परवा (म्हणजे होऊन गेलेल्या परवा) खालांना पुन्हा नेले. डॉक्टरांनी मसुदा मोठ्याने वाचला : "कालपासून चक्कर." खाला लगेच म्हणाल्या, "कल से नहीं बेटा, ईद के दूसरे दिन से है." डॉक्टरांनी ती ओळ पुसली आणि मोबाइल पुन्हा तोंडाजवळ धरला.