पंधरा बारचा फुसका बार

कॉलेजातली चहाची गादी कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. पण हल्ली हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एखादा तरी कॉफीवाला निपजतोच, आणि आता तर पॅन्ट्रीत एस्प्रेसो मशीन घ्यायला वर्गणीची वही फिरू लागली आहे. डोकी चाळीस, मतं एक्केचाळीस! त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत असं : '१५ बारचं कशाला, २० बारचंच घेऊ की!'

मित्रहो, आपण इंजिनिअरिंगला आहोत ना? मग खोक्यावरचा आकडा वाचून मशीन काय घेताय?

एस्प्रेसो म्हटलं की आपल्याला लग्नातलं ते स्टीलचं धूड आठवतं. फुस्स करून वाफ सोडायची, ग्लासभर फेस, वर चिमूटभर कोको. मलाही ते आवडतं. पण ते इन्स्टंट पावडर घालून वाफेने फेसाळलेलं दूध झालं. खऱ्या एस्प्रेसोत दुधाचा थेंब नसतो. साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी दाबून बसवायची, तिच्यातून ९० ते ९५ अंशांचं पाणी ९ बारच्या आसपास दाबाने ढकलायचं, आणि २५-३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅमच्या आसपास दाट काढा उतरवायचा. बस, एवढंच.

आता थर्मोवाल्यांनी स्टीम टेबल उघडावं (व्हायवा सोडून इतर वेळीही ते उघडता येतं). बंद भांड्यात नुसत्या वाफेच्या जोरावर ९ बार मिळवायचे तर पाणी किती तापवावं लागेल? वातावरणाचा एक बार धरून १० बार, म्हणजे जवळजवळ १८० अंश! आणि कॉफीला हवेत फार तर ९५. वाफेवर दाब वाढवायला जावं तर कॉफी करपते, तापमान सांभाळावं तर दाब मिळत नाही. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ साली पेटंट घेतलं ते मशीन याच पेचात अडकलेलं होतं. आकिले गाजियाने तो पेच सोडवला. १९४८च्या सुमारास आलेल्या त्याच्या मशीनमध्ये पाणी तापवायचं काम बॉयलरकडे राहिलं आणि दाब द्यायचं काम तरफेने दाबलेल्या स्प्रिंगच्या दट्ट्याकडे गेलं. कपात वर तरंगणारा तो सोनेरी साय-फेस, 'क्रेमा', तेव्हापासूनचा. पुढे १९६१ साली फाएमाच्या ई६१ने दट्ट्याच्या जागी विजेचा पंप बसवला. थोडक्यात काय, दाब आणि तापमान यांची फारकत झाली तेव्हा आजची एस्प्रेसो जन्मली. मशीन निवडतानाही हेच दोन प्रश्न विचारायचे : दाब कोण देतो? तापमान कोण सांभाळतो?

ही फूटपट्टी लावली की निम्मा बाजार आपोआप गळतो. सगळ्यात स्वस्तातली 'एस्प्रेसो' मशीनं पंपाशिवायची, नुसत्या वाफेवरची असतात. म्हणजे आपण पुन्हा १९०१ सालात. त्यापेक्षा १९३३ सालच्या बियालेत्तीच्या मोका पॉटमध्ये प्रामाणिकपणा तरी आहे. बार-दीड बारवर चालतं, कडक कॉफी देतं.

मग येतात पंपवाली, १५ आणि २० बारची. तो आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा. वाट जवळजवळ बंद असताना पंप किती रेटू शकतो, एवढंच तो सांगतो. कॉफी उतरताना हवेत ९ बारच, म्हणून चांगल्या मशीनमध्ये जादा दाब सोडून द्यायला व्हॉल्व्ह असतो. म्हणजे जास्तीचे बार तुम्ही विकत घ्यायचे आणि व्हॉल्व्हने फुकट घालवायचे! शिवाय अशा बऱ्याच मशीनसोबत दुहेरी तळाची गाळणी मिळते. तिला खाली एकच बारीक भोक. त्यातून पिचकारीसारखी कॉफी उडते आणि कसल्याही पावडरीचा फेस होतो. तो फेस क्रेमा नव्हे, लग्नातल्या फेसाचा चुलतभाऊ आहे.

कॅप्सूलवाल्या मशीनबद्दल फार लिहीत नाही. सोपं आहे, स्वच्छ आहे, पण प्रत्येक कपाला कॅप्सूलचा कर आणि रोज कचऱ्याचा ढीग. आणि बटण दाबलं की दळण्यापासून सगळं करणारं पूर्ण स्वयंचलित मशीन? ते घरात ठीक, कारण तिथे रात्री धुणारं कुणीतरी असतं. पॅन्ट्रीतल्या सामाईक वस्तूला वाली नसतो. ओला चोथा आठ दिवस आत राहिला तर काय उगवतं, ते बायोटेकवाल्यांना विचारा.

खरा शत्रू मात्र वेगळाच आहे : आपलं बोअरचं पाणी. आंघोळीच्या बादलीतल्या हीटरवर चार महिन्यांत जो पांढरा थर बसतो, तोच मशीनच्या पोटात बसणार. थर्मोब्लॉकवाली मशीनं मिनिटभरात तापतात, पण त्यांच्या आतले मार्ग अरुंद, क्षाराने लवकर चोंदतात. आणि एकदा चोंदलं की सर्व्हिस सेंटर मुंबई-पुण्याला, आपण इथे, आणि वर्गणीवाले दारात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मजल्यासाठी हाताने दाबायचं, तरफेचं मशीन घ्या. त्यात मोटर नाही, सर्किट नाही, बॉयलरही नाही. पाणी किटलीत तापवून ओतायचं आणि दांडा खाली ओढायचा. ५८ मिलिमीटर व्यासाच्या गाळणीवर ९ बार म्हणजे २४० किलोच्या आसपास भार. तरफेमुळे आणि त्याहून लहान दट्ट्यामुळे तो आपल्या दोन हातांच्या आवाक्यात येतो. सिलिंडर थंड असेल तर पाण्याची उष्णता खाऊन टाकतो, तेव्हा तो आधी गरम पाण्याने तापवून घ्यायचा. बिघडून बिघडणार काय, तर रबराची रिंग. ती आपल्यातला कुणीही दहा मिनिटांत बदलेल. ज्याचा स्क्रू आपल्याला उघडता येत नाही, असं यंत्र वर्कशॉपवाल्यांच्या हॉस्टेलात शोभत नाही!

स्टाफरूमचं गणित निराळं. सर-मॅडमना दोन लेक्चरांमध्ये दांडा ओढत बसायला सांगणं बरं दिसत नाही. त्यांनी पितळी बॉयलरचं, साधं पंपाचं मशीन घ्यावं. शक्य असल्यास पीआयडी असलेलं, कारण साध्या थर्मोस्टॅटवर तापमान बरंच वर-खाली होतं. (कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांना शिकवायला जिवंत उदाहरणही मिळेल.) पाणी मात्र फिल्टरचं, आणि ठरावीक दिवसांनी कंपनी सांगेल त्या द्रावणाने क्षार काढायचे.

दोघांनाही एक सांगतो. मशीनवर थोडे कमी घाला, पण बर असलेला चांगला ग्राइंडर घ्या, हाताचा चालेल. मेसच्या मिक्सरमध्ये काही दाणे पीठ होतात, काही रवा राहतात. मग पाणी सोपी वाट शोधतं, एका बाजूने भसाभस निघून जातं, आणि कपात आंबट-कडू दोन्ही एकदम. त्यापुढे वीस बारही हात टेकतात.

तरफेच्या मशीनला दूध फेसाळायला वाफेची नळी नाही, ही अडचण खरीच. चाळीसातले पस्तीस जण तर दूध घातल्याशिवाय पिणार नाहीत. त्यांनी दूध गॅसवर गरम करून रवीने घुसळावं. पातेलं कुणी घासायचं, तेवढं मेस सेक्रेटरीने आधी ठरवून द्यावं.