पाठवू नका, दाखवा

गेल्या महिन्यात नेरूळच्या एका सोसायटीत क्लबहाउसचे पडदे सेफ्टी पिना लावून बंद केले आणि आम्ही चौदा जणांनी एक टेकडी नाहीशी होताना पाहिली. फोटो काढणारे गृहस्थ निवृत्त स्थापत्य अभियंता. जागा एकच, पनवेल खाडीच्या अलीकडची. कॅमेऱ्याचे तोंड पलीकडे उलव्याच्या टेकडीकडे, आणि वर्षांमागून वर्षे तीच फ्रेम. पहिल्या फोटोत पावसाळ्यातली हिरवी टेकडी, खाली खाडीत एक होडी. मग डोंगराच्या कडेला तांबडा ओरखडा. मग पायऱ्या पाडल्यासारखे कापलेले खडक. एका फोटोतून दुसऱ्यात जाताना त्यांनी सहा-सहा सेकंदांचे डिझॉल्व्ह ठेवले होते, त्यामुळे टेकडीचा माथा पडद्यावर अक्षरशः विरघळत होता आणि मागचे आकाश पुढे येत होते. गाणे नाही, निवेदन नाही. तिथेच फोनवर टिपलेला आवाज तेवढा होता: वारा, मध्येच टिटवी, आणि लांबवर रिव्हर्स घेणाऱ्या डंपरची पीप-पीप. शेवटच्या फोटोत सपाट जमीन आणि तिच्यावर विमानतळ. अडतीस फोटो, पाच मिनिटे.

दिवे लागल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "चौथ्या फोटोत क्षितिज उजवीकडे कलंडलंय हो." तिथून जी चर्चा सुरू झाली ती चहा दोनदा होऊनही थांबेना.

आता कबुली. हाच स्लाइड शो त्याआधी दोन महिने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून होता. त्याला भरपूर अंगठे मिळाले होते, त्यात एक माझाही. तो मी जुईनगर ते वाशी या प्रवासात, दारात उभा राहून, जेमतेम चाळीस सेकंद पाहून दिला होता. क्षितिज कलंडलेले तेव्हाही होते. टेकडी तेव्हाही जात होती. मला दोन्ही दिसले नाही.

म्हणून या महिन्याचे संपादकीय कॅमेऱ्यांवर नाही, लेन्सवर नाही. आपण एकमेकांना आपले काम कसे दाखवतो, यावर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की स्लाइड शो ही पाठवायची वस्तू नाही, दाखवायची आहे. आपण हौशी मंडळींनी तो पाठवायला सुरुवात केली तेव्हापासून तो बिघडला.

हा प्रकार आपल्याकडे नवा नाही आणि लांबचाही नाही. शिळफाट्यावरून पुढे गेले की कल्याण. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मदनराव माधवराव पितळे यांच्याबरोबर 'शांबरिक खरोलिका' उभी केली आणि १८९२ मध्ये तिचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, आणि खरोलिका म्हणजे दिवा. मायेचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांतून पडद्यावर जाणारा प्रकाश, चित्रे हलल्याचा भास व्हावा म्हणून केलेल्या युक्त्या, आणि सोबत बोलून सांगितलेली कथा. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दिसली. म्हणजे त्याच्या चार वर्षे आधी कल्याणात पडदा ताणून माणसे एकत्र बसत होती. पटवर्धन मंडळी हा संसार पाठीवर टाकून गावोगाव फिरली. मला त्यातले कौतुक तंत्रापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे वाटते. काच रंगवणाऱ्याला आपले चित्र कुठे पडले आणि कुठे लागले, हे त्याच रात्री, त्याच खोलीत कळत होते. प्रेक्षकांतली चुळबुळ त्याच्या कानावर पडत होती.

आपल्यातल्या साठी उलटलेल्यांनी दुसरा काळ पाहिला आहे. पारदर्शिकांचा. गिर्यारोहण संस्थांच्या कार्यक्रमांत, शाळेच्या सभागृहात, कधी कोणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर चादर लावून. कॅरुसेल प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये ऐंशी स्लाइड बसायच्या. रोल महाग, धुलाई महाग, आणि ट्रेला खाचा मोजून ऐंशी. त्यामुळे निवड घरी, लाइटबॉक्सवर, डोळ्याला भिंग लावून व्हायची आणि चांगले म्हणवणारे फोटोही घरीच राहायचे. एखादी स्लाइड उलटी जायची, हशा पिकायचा. दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगायची, फोकस सुटायचा, आणि वक्ता त्या वेळात चार वाक्ये जास्तीची बोलून घ्यायचा. बऱ्याचदा तीच चार वाक्ये लक्षात राहिली आहेत. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले तेव्हा आपण हळहळलो नाही. डिजिटल आले होते, आणि डिजिटलच्या ट्रेला खाचाच नव्हत्या.

खाचा नसल्या की काय होते, याचा नमुना मी स्वतः सादर केला आहे. लडाखहून आल्यावर मी दोनशे बारा फोटोंचा, सव्वीस मिनिटांचा स्लाइड शो केला. पँगाँगचे एकोणीस फोटो होते, कारण पाण्याचा निळा प्रत्येकात वेगळा आहे अशी माझी समजूत होती. प्रत्येक फोटो आत येताना गिरकी घेत होता, पान उलटत होता किंवा तुकड्या-तुकड्यांनी जुळत होता. सॉफ्टवेअरमध्ये होते ते सगळे मी वापरले, जेवणावळीत वाढप्याने आग्रह करावा तसे. पंधराव्या मिनिटाला अंधारात एकेक फोन उजळू लागला. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी "मस्त" म्हटले. आपल्या क्षेत्रातला हा सर्वांत निरुपयोगी शब्द. सौ.ने घरी आल्यावर एकच प्रश्न विचारला, "तिथे माणसं राहतात की नाही?"

दोनशे बारा फोटोंत एक चेहरा नव्हता. हे पाहायला तिला सव्वीस मिनिटे एका खुर्चीत बसावे लागले, आणि मला ते ऐकायला तिच्या शेजारी असावे लागले.

नवी मुंबईत राहून रोहित पक्ष्यांवर, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंवर, स्लाइड शो न केलेला हौशी छायाचित्रकार सापडणे कठीण. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपले तळकोकणातले नातेवाईकसुद्धा आता विचारतात, "आले का तुमचे गुलाबी पाहुणे?" दर वर्षी या विषयावरचे डझनभर स्लाइड शो माझ्याकडे येतात आणि पहिले दहा फोटो मी न पाहता सांगू शकतो. उडती रांग, प्रतिबिंब, मागे इमारती, एक पाय वर, मावळता सूर्य. वाईट एकही नसतो. पण ती फोटोंची पिशवी असते.

दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी दाखवलेला स्लाइड शो वेगळा होता. त्या सीवूड्सला राहतात, शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी क्रम लावला तो भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, पक्षी तिथे पसरून खातात. भरती चढू लागली की चिखल बुडतो, आणि हेच पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात, पाणी उतरेपर्यंत. फोटोंच्या कोपऱ्यात फक्त घड्याळाची वेळ. पहिले दीड मिनिट पक्षीच नाही, नुसते चढते पाणी. मग थवा उठला तेव्हा तो कुठे आणि का चालला आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. शेवटचे पाच फोटो याच पाणथळींपैकी एका, डीपीएस तलावाचे, पाणी आटून शेवाळ धरलेले. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे मेलेले रोहित सापडले, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. पण भरतीला थांबायची जागाच आटली तर हे पक्षी जातात कुठे, हा प्रश्न त्या क्रमाने दाखवला. एकटा फोटो ते दाखवू शकत नाही, कितीही महागड्या लेन्सने काढा. त्यांची लेन्स साधी किटमधली होती.

क्रम हाच स्लाइड शोचा जीव, बाकीची कलाकुसर त्याच्या चाकरीला. डिझॉल्व्ह टेकडीला लागू पडला कारण तिथे खरोखरच एक वस्तू विरघळून दुसरी होत होती. वाढदिवसाच्या फोटोंना तो लावला तर केक विरघळतो. उभे फोटो आडव्या पडद्यावर बसवताना बाजूला त्याच फोटोची धूसर प्रत पसरायची फॅशन आहे. ती सोडा, काळे राहू द्या, डोळ्याला विसावा मिळतो. स्थिर फोटोवर सरकत जाणारा तो झूम दर फोटोला लावला की समुद्र लागल्यासारखे होते. आणि गाणे. लोकप्रिय गाणे लावले की प्रेक्षक फोटो सोडून मनात गाणे म्हणू लागतो. शिवाय ते गाणे आपले नसते. आपल्या फोटोखालचे नाव कोणी पुसले तर आपण किती चिडतो ते आठवा. फोनवर दोन मिनिटांचा आवाज टिपायला काही लागत नाही. हार्बर लाइनच्या डब्यातली "पुढील स्टेशन" ही उद्घोषणा, एपीएमसीतली पहाटेची हमाली, कोळीवाड्यातली होळीची रात्र. हे आपल्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

प्रोजेक्टरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण दर वेळी त्याच ठिकाणी ठेच लागते. घरच्या मॉनिटरवर खुलणारे गडद भाग प्रोजेक्टरवर काळे ठिक्कर पडतात. फाइल एसआरजीबीत करा, सावल्या घरी वाटतील त्याहून किंचित उघड्या ठेवा आणि ज्या सभागृहात दाखवायचे तिथे अर्धा तास आधी जाऊन पहिले पाच फोटो पाहा. सभागृहातला प्रोजेक्टर जुना असेल तर पडद्याचा आकार चार-तीनचा निघतो आणि आपला सोळा-नऊचा स्लाइड शो मध्ये पट्टीसारखा बसतो. हे प्रेक्षकांसमोर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

जतन करण्याचेही पाहा. आपल्यापैकी कितीतरी जणांनी, आणि लग्नाचे काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी, वर्षानुवर्षे प्रोशो या स्लाइड शोच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले. ते बनवणारी कंपनी ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. आज त्या प्रोजेक्ट फाइली अनेकांच्या हार्ड डिस्कवर कुलूप लावलेल्या पेट्यांसारख्या आहेत, किल्लीवाला गेला. तेव्हा तयार एमपी४, मूळ फोटो, आवाजाच्या फाइली आणि फोटोंचा क्रम लिहिलेली साधी मजकुराची यादी असे सगळे एकाच फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी ठेवा.

असा फोल्डर दुसऱ्या हौशी मित्राला द्यायलाही उपयोगी पडतो, आणि वाटून घेणे म्हणतात ते मला हे वाटते. तयार व्हिडिओ पाहून कोणी शिकत नाही. नेरूळच्या अभियंत्यांनी आम्हाला पेनड्राइव्हवर सगळेच दिले, वगळलेल्या शंभरेक फोटोंसह. कोणते काढले आणि का, हे त्यांनी यादीत एकेका ओळीत लिहिले होते. "सुंदर, पण टेकडीकडे लक्ष जात नाही." "माझ्या मुलाचा, म्हणून ठेवला होता." ती यादी मी तीनदा वाचली. लांबच्या मित्रांना पाठवल्याशिवाय गत्यंतर नसेल तर व्हॉट्सॲपवर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल चेपली जात नाही. पण मग फोन करा आणि त्यांनी पाहिला का ते विचारा. पाहिला असेल तर कोणता फोटो काढून टाकावा, हे विचारा. एवढ्या एका प्रश्नाने "मस्त" बंद होते.

टीका करणाऱ्यांनाही एक विनंती. कलंडलेले क्षितिज सांगा, जरूर सांगा. पण तेवढेच सांगून खाली बसू नका. आपल्या बैठकांत हिस्टोग्रामवर वीस मिनिटे बोलणारी माणसे आहेत आणि "हे तुम्ही का काढलंत?" असे विचारणारे जवळजवळ कोणी नाही. सौ.ला हिस्टोग्राम कशाशी खातात ते ठाऊक नाही.

पुढच्या तीन महिन्यांत या मासिकाच्या वाचकांनी आपापल्या भागात, पाच माणसांत का होईना, एक तरी बैठक घ्यावी. एकाचा एक स्लाइड शो, आठ मिनिटांच्या आत, आणि त्यानंतर निदान तितकाच वेळ बोलणे. सोसायटीचे क्लबहाउस, वाचनालयाची खोली, कोणाचा हॉल, काहीही चालेल. पडदा नसेल तर पांढरी चादर इस्त्री करून लावा, सुरकुती पडद्यावर दिसते. आणि आम्हाला लिंक पाठवू नका. तारीख कळवा. वाशी ते पनवेल कुठेही असलात तर संपादक येतील. एचडीएमआय केबल आमच्याकडे आहे, दहा मीटरची.