करारनाम्याची वाट

1933 च्या फेब्रुवारीत, ऐन हिमवादळात, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि कुजक्या चाऱ्याचा भारा घेऊन मॅडिसन शहरी आला, आणि शनिवारमुळे पशुवैद्यकाचे सरकारी दफ्तर बंद आढळल्याने विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत शिरला. रक्त पातळ करणारे ते द्रव्य चाऱ्यातून वेगळे काढण्यात लिंक आणि त्यांच्या शिष्यांची सहा वर्षे गेली. त्याच्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले, आणि पुढे काही वर्षांतच तेच विष रक्ताच्या गुठळ्यांवर औषध म्हणून माणसांना दिले जाऊ लागले.

ही हकीकत सांगणारे बहुधा लिंक यांच्या चिकाटीपाशी थांबतात. मला मात्र महत्त्वाची वाटते ती त्याआधी, 1925 मध्ये, झालेली तजवीज. अन्नातील ‘ड’ जीवनसत्त्व वाढविण्याची रीत शोधणाऱ्या त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी पेटंटचा नफा स्वतः घेण्याऐवजी माजी विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र न्यासाकडे सोपविला. पेटंट सांभाळणे, कारखानदारांशी करार करणे आणि उत्पन्न पुन्हा संशोधनास देणे ही कामे त्या न्यासाची, अध्यापकांची नव्हेत. वॉरफरिनचे पेटंटही त्याच न्यासाकडे गेले.

त्याच 1933 साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. कोकणात लोटे येथे रसायनांचा कारखाना उभारणारे केकी घरडा त्याच विभागात शिकले. तेव्हा उद्योगाशी सोयरीक आपल्याला अपरिचित आहे, असे म्हणण्याची सोय नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने तर नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाचे पदही निर्माण केले. परंतु पद निर्माण करणे वेगळे आणि अखत्यार देणे वेगळे. कारखानदाराशी करावयाच्या साध्या करारनाम्याचा मसुदा जोवर कुलसचिव, वित्त आणि विधी यांच्या मेजांवरून शेरे गोळा करीत फिरतो, तोवर समोरचा गृहस्थ दुसरीकडे वाट शोधणारच, आणि विद्यापीठाच्या पदरी समारंभपूर्वक सह्या केलेले सामंजस्य करार व त्यांची छायाचित्रे एवढेच राहणार. अशा करारांची संख्या वार्षिक अहवालात छापण्याऐवजी त्यांतून कोणत्या खात्यावर किती रुपये जमा झाले, हे छापावे. ठरावीक रकमेपर्यंतचे करार संचालकाने आपल्या सहीने करावेत. आणि उद्योग काढू पाहणाऱ्या अध्यापकाला सेवाज्येष्ठता न गमावता दोन-तीन वर्षांची रजा मिळावी, तीही अर्ज केल्यापासून महिन्याच्या आत.

— निरीक्षक