आकडा तोच, अर्थ वेगळा

व्हायवाला हमखास येणारा प्रश्न : टाइप कास्टिंग म्हणजे काय? ठरलेलं उत्तर : एका टाइपचं दुसऱ्या टाइपमध्ये रूपांतर. या उत्तराला मार्क मिळतात, पण माझ्या मते त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. आणि ही गल्लत मुलांनी केलेली नाही, ती सी भाषेनेच आपल्याला शिकवली आहे.

आपल्या जळगाव-धुळ्याकडचंच उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या कापसाचा भाव क्विंटलवर, पण जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव खंडीवर. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. समजा पावतीवर '२ खंडी' लिहिलंय. हिशेब करून ७.१२ क्विंटल लिहिलं तर आकडा बदलला, माल तेवढाच राहिला. हे झालं कन्व्हर्जन. पण आकडा २ च ठेवून 'खंडी' खोडून 'क्विंटल' लिहिलं तर? पाच क्विंटल रुई कागदावरून गायब, भो! हा खरा कास्ट.

आता सी काय करते बघा. इंटमधल्या १ ला कंसात फ्लोट लावा. मशीन बिट्स बदलून टाकतं (ते नवे ३२ बिट्स इंट म्हणून वाचले तर १,०६,५३,५३,२१६ येतात), पण किंमत १ च राहते. म्हणजे नाव कास्ट आणि काम कन्व्हर्जनचं. उलट पॉइंटरला कास्ट लावून तीच मेमरी फ्लोट म्हणून वाचा (स्टँडर्ड याची हमी देत नाही, तरी लोक सर्रास करतात). बिट्स जागचे हलत नाहीत, पण १ च्या जागी दशांशचिन्हानंतर ४४ शून्यं असलेला आकडा दिसतो. दोन्हीकडे कंस तोच! वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

सी प्लस प्लसच्या १९९८ च्या स्टँडर्डमध्ये स्टॅटिक कास्ट आणि रीइंटरप्रिट कास्ट अशी वेगळी नावं आली. ॲडा भाषेत तर बिट्स तसेच ठेवून अर्थ बदलायचा असेल तर 'अनचेक्ड कन्व्हर्जन' असं लांबलचक नाव लिहावं लागतं. काही मित्र म्हणतात, एवढं टाइप कोण करणार? माझं म्हणणं, धोक्याची गोष्ट लिहायला थोडी अवघड आणि शोधायला सोपीच असली पाहिजे.

अर्थात, कन्व्हर्जन म्हटलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या इंटिजरमध्ये बसवायचा होता, आणि तिथे ३२७६७ च्या वर जागाच नाही. प्रोग्राम ॲडामध्येच होता. भाषेने आक्षेप घेतला, पण त्या जागी तो ऐकून घेणारा कोडच लिहिलेला नव्हता. म्हणून मला वाटतं, भाषेने दोन्ही क्रिया वेगळ्या दाखवाव्यात, आणि कन्व्हर्जन फसलं तर काय करायचं हेही आपल्याकडून वदवून घ्यावं.

हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा आहे असं मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांनी समजू नये. आपल्या मराठी विभागाशी त्याचा थेट संबंध आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल उघडून फॉन्ट बदलला की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. कारण फाइलमध्ये मराठी नसतेच, असतात नुसते आकडे, आणि त्यांना मराठी अर्थ देणारा तो फॉन्ट. फॉन्ट बदलणं म्हणजे कास्ट. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. जुनी फाइल युनिकोडमध्ये नेणं हे कन्व्हर्जन : आकडे बदलतील, लेख तोच राहील. पण त्यासाठी कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे सांगणारा तक्ता हवा.

म्हणून माझी सूचना आहे. जुन्या अंकांच्या फाइल्स ज्या सीडींवर पडून असतील त्या शोधाव्यात, फॉन्ट आणि त्यांची माहिती हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि प्रत्येक लेख छापील अंकाशी ताडून बघावा. जोडाक्षरं आणि रफार हमखास घोटाळा करतात, तेव्हा मशीनवर सोडून चालणार नाही. प्रोग्राम थर्ड इयरवाल्यांनी लिहावा, तपासणी होस्टेलने वाटून घ्यावी. सबमिशनपेक्षा हे काम नक्कीच जास्त टिकेल.