शिकाऱ्याची युद्धनीती

अद्भुत कादंबरीतील नायक केवळ राजवंशात जन्मल्यामुळे जिंकतो, असा आक्षेप आमचे कित्येक विद्वान टीकाकार घेतात. आणि टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) मधील अ‍ॅरागॉर्नकडे बोट दाखवितात. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. मृतांचे सैन्य त्यास वंशाधिकाराने लाभले, हे खरे. परंतु त्यापूर्वी त्याने अनेक वर्षे रानावनांत काढली आणि गॉलमचा माग काढून त्यास पकडले, हे का विसरावे? दडून बसलेले सावज उठविण्यास शिकारी हाका घालतो. तद्वत् अ‍ॅरागॉर्नने दूरदर्शी गोलकातून स्वतःस मुद्दाम प्रकट करून सॉरॉनला पुरत्या तयारीआधीच बाहेर पडावयास लाविले. पुढे फ्रोडोवरील शत्रूची नजर हटावी म्हणून काळ्या दरवाजापुढे सात हजारांहूनही कमी सैन्यानिशी आमिष होऊन उभे राहण्याची मसलत गँडाल्फची. पण ती प्रथम स्वीकारली अ‍ॅरागॉर्नने. मुकुट वारशाने मिळतो, सावजाचे मन ओळखण्याची विद्या मिळत नाही. असली पुस्तके मुलांच्या हाती देण्यास कचरणाऱ्या पालकांनी एवढे अवश्य ध्यानात घ्यावे.