दोर की तार?
चिंचवडच्या एमआयडीसीपासून समुद्र बराच दूर, तरी जहाजांचे दोर तिथे वळले जातात. १९७६ची गरवारे वॉल रोप्स, म्हणजे आताची गरवारे टेक्निकल फायबर्स, इथलीच. त्यामुळे शिडाच्या होडीचा कठडा स्टेनलेस तारेचा असावा की कृत्रिम धाग्याच्या दोराचा, हा वाद मुंबई-गोव्याइतकाच आपला चिंचवडकरांचाही. एचएमपीई (हाय-मॉड्युलस पॉलिइथिलीन) जातीचा धागा पाण्यावर तरंगतो, गंजत नाही आणि वजनाच्या मानाने पोलादाला सहज मागे टाकतो. तार मात्र दगाबाज. बाहेरून चकचकीत, पण टोकाला दाबून बसवलेल्या नळीत खारं पाणी शिरलं की आतल्या आत कुरतडली जाते. त्यात वर प्लास्टिकचं वेष्टण असेल तर बघायलाच नको. दोर निदान आपली झीज लपवत नाही, केसाळ झाला की समजावं. मात्र तो धारदार कडेवर घासणं सोसत नाही आणि उष्णतेला तर फारच नाजूक, दीडशे अंशांच्या आतबाहेर वितळतो. चाकणच्या कारखान्यांत धारदार कडेच्या लोखंडाला उचलपट्टा लावताना मध्ये जाड पॅड घालतात ते उगीच नाही. माझं मत दोराच्या बाजूने, पण कठड्याच्या खांबांची भोकं गुळगुळीत घासून घेतल्यावरच. जुन्या तारेने पाडलेले ओरखडे नव्या दोराला कापतात. शर्यतीत उतरणार असाल तर आधी नियम वाचा, काही प्रकारांत तारच लागते. आणि तारच ठेवणार असाल तर पावसाळ्यानंतर तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तार तुटायला लागली आहे, ती बदला.